नगरऋण



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही त्यांना सांगितले की, गाव वसवून त्यावर पैसा मिळविणाऱ्या माणसाबद्दल बोलावे असे मनात आहे. चालक सज्जन; ते नाही म्हणाले नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते आमच्या नजरेतून सुटले नाही. या व्यासपीठावरून संतवाङ्मय ऐकावे, इतिहास ऐकावा, फार तर अर्थशास्त्र ऐकावे; प्लॉटच्या गोष्टी चहाच्या टपरीवर रोज होतच असतात, त्या येथे कशाला?

याचे उत्तर सोपे आहे. या मंडपात बसलेल्यांपैकी कोणी प्लॉट घेतला आहे, कोणी घेण्याच्या विचारात आहे, कोणी वाडवडिलांची धानाची बांधी विकून मोकळा झाला आहे, आणि मधली दलाली करणारेही दोघे-चौघे असतील. (हशा.) ज्या व्यवहारात आपली जन्माची पुंजी जाते आणि ज्यातून आपले गाव आकाराला येते, त्या व्यवहाराचा धर्म कोणता, हा प्रश्न टपरीवर सोडून देण्याइतका हलका नाही.

जमीन घेऊन, तिचे तुकडे पाडून, रस्ते आखून ती विकणाऱ्याला आपण बोलण्यात 'बिल्डर' म्हणतो. सरकारी कागदावर त्याचे नाव 'विकासक' असे येते. ज्याच्या नावातच विकास आहे, त्याने विकास कोणाचा करावयाचा? त्याचे आपल्या गावावर प्रेम असते काय? आणि असेल तर ते कशावरून ओळखावे? गणेशोत्सवाची मोठी वर्गणी, चौकातली कमान, उन्हाळ्यातली पाणपोई, या गोष्टींना आम्ही कमी लेखीत नाही. तहानेल्याला पाणी कोणाच्याही पाणपोईचे गोडच लागते. पण एवढ्यावरून परीक्षा पुरी होते असे आम्हांस वाटत नाही. का वाटत नाही, त्यासाठी आमचीच एक गोष्ट सांगतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही गावाच्या कडेला एका ले-आउटमध्ये प्लॉट घेतला. विकणारे गृहस्थ आपल्याच गावचे, चार माणसांत मान असलेले. त्यांचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्यांनी दाखविलेल्या नकाशात मध्यभागी एक हिरवा चौकोन होता आणि त्यात 'उद्यान' असे लिहिलेले होते. कोपऱ्यावर एक बोडी होती. पावसाळ्यात ती भरे, थंडीत तिच्यात ढिवरांचे शिंगाडे असत, आणि उन्हाळ्यात तिच्या काठावर गुरे बसत. आम्ही घर बांधले. तीन-चार वर्षांनी एके सकाळी बोडीत मुरुमाचे ट्रक येऊ लागले. बोडी बुजली आणि तिच्या जागी आणखी काही प्लॉट निघाले. उद्यानाच्या चौकोनात उद्यान झालेच नाही.

आता खरे सांगावयाचे तर त्या वेळी आम्ही काही बोललो नाही. शेजारचेही बोलले नाहीत. बोडी बुजली म्हणजे डास गेले, असे आम्ही एकमेकांस सांगितले; आणि वस्ती दाट झाली म्हणजे आपल्या प्लॉटचा भाव चढेल, हे एकमेकांस न सांगता प्रत्येकाने मनात धरले. पुढे एका पावसाळ्यात दोन दिवस झड लागली. रात्री पाणी घरात शिरले आणि गुडघ्याला लागले. पुस्तके, धान्य, मुलीच्या शाळेचे दप्तर, सारे पाण्यावर तरंगले. सकाळी आम्ही दारात उभे होतो. पूर्वी त्या बोडीत शिंगाडे लावणारी एक म्हातारी रस्त्याने चालली होती. ती थांबली आणि म्हणाली, "पानी आपली जागा इसरत नाही, बाबू."

पुढे त्या विकणाऱ्या गृहस्थांची भेट झाली तेव्हा आम्ही त्यांच्यापाशी गाऱ्हाणे केले. ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "गुरुजी, मी तर सगळे प्लॉट विकून मोकळा झालो. आता ते काम नगरपरिषदेचे." कायद्याने पाहता त्यांचे उत्तर कदाचित बरोबरही असेल. पण 'मोकळा झालो' हे त्यांचे शब्द आमच्या मनातून गेले नाहीत. माणूस कोणत्या ऋणातून, केव्हा आणि कसा मोकळा होतो? आजचे आमचे सारे बोलणे या एका शब्दाभोवती आहे.

प्रथम ऋण आहे की नाही ते पाहू. प्लॉटची जाहिरात आपण सर्वांनी वाचलेली असते. स्टेशन जवळ, महाविद्यालय जवळ, दवाखाना जवळ, बाजार जवळ. या 'जवळ'पैकी विकणाऱ्याने केलेले काय आहे? रेल्वे गोंदियावरून गेली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अरुंद रुळांची सातपुड्याची गाडी येथे येऊन मिळाली आणि गोंदिया हे जंक्शन झाले. धानाच्या गिरण्या, तेंदूपानाची गोदामे, लाखेचा व्यापार हे त्या जंक्शनाच्या आश्रयाने वाढले. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला आणि कचेऱ्या येथे आल्या. २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. या प्रत्येक घटनेबरोबर गावाच्या कडेची बांधी महाग होत गेली. बांधीने काही केले नाही, बांधीच्या मालकाने काही केले नाही, गावाने केले.

ही गोष्ट एका साध्या इंग्रज लघुलेखकाने फार स्वच्छ पाहिली होती. त्याचे नाव एबेनेझर हॉवर्ड. त्याने १८९८ साली उद्याननगराची कल्पना मांडणारे पुस्तक लिहिले आणि १९०३ साली लंडनच्या उत्तरेस लेचवर्थ हे नगर त्या कल्पनेवर वसू लागले. त्याच्या म्हणण्याचे सार एवढेच की, माणसे एकत्र राहू लागली म्हणून जमिनीचा भाव वाढतो. तेव्हा ती वाढ त्या माणसांच्याच कामी आली पाहिजे. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी ऋणे सांगितली आहेत. गावाच्या वाढीवर ज्याने पैसा मिळविला, त्याच्या डोक्यावर आणखी एक ऋण असते. त्याला आम्ही नगरऋण म्हणतो.

हे ऋण फेडण्याची रीतही आपल्या परंपरेला ठाऊक होती. धर्मशास्त्रात 'इष्ट' आणि 'पूर्त' अशी जोडी येते. इष्ट म्हणजे यज्ञयाग. पूर्त म्हणजे विहीर, तळे, बाग, देऊळ, अन्नदान. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या पूर्तधर्माचे आणि त्यातील 'उत्सर्ग' विधीचे विवेचन केले आहे. तळे खोदून झाले की खोदणारा पाणी सोडून सांगतो की, हे आता माझे नाही. हे सर्व भूतांसाठी आहे. तळे बांधले एवढ्याने पुण्य पुरे होत नाही, त्यावरील मालकी सोडावी लागते. तळे बांधणाराही याने मोकळाच होतो. पण तो देऊन मोकळा होतो. आमचे गृहस्थ विकून मोकळे झाले.

हे पोथीतले बोलणे वाटत असेल तर आपण नवेगावबांधला जाऊ. येथून दक्षिणेस साठ-पासष्ट किलोमीटर, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. आपल्यापैकी बहुतेकांनी ते तळे पाहिले आहे, पण सहलीला गेलेल्याच्या डोळ्यांनी. जुन्या गॅझेटियरात त्याचा परीघ १७ मैल दिलेला आहे. ते बांधले कोलू पाटील कोहळी याने, अठराव्या शतकाच्या आरंभी. तो कोणी राजा नव्हता. कोहळी ही उसाची आणि धानाची शेती करणारी, पाण्याच्या कामात तरबेज असलेली जमात. चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीकडून आणले अशी आख्यायिका आहे. म्हणजे हे लोकही कधीकाळी बाहेरून आलेले.

चांद्याच्या गोंड राजांविषयी आणखी एक परंपरा सांगतात. जो जंगल तोडून गाव वसवील त्याला त्या गावाची सनद, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन. या सनदेकडे नीट पाहा. जमिनीतून लाभ घेणारा माणूस तेव्हाही होता आणि राजाने त्याला लाभ घेऊ नको असे म्हटले नाही. पण लाभाच्या आधी तलाव ठेवला. पाणी पोचेल तेथपर्यंतच तुझी जमीन. पाळ फुटली, तुडुम बिघडले, गाळ साचला, तर तुझेही धान वाळेल. सार्वजनिक हित आणि खाजगी लाभ यांना राजाने एकाच दोरीने बांधले. कोलू पाटलाच्या वेळी गावावरचे प्रेम ही केवळ भावना नव्हती. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पाळीवरून चालत जाऊन ती तपासणे, याचेच नाव प्रेम होते.

नवेगावच्या तळ्याभोवतीच्या सात टेकड्यांना सातबहिणी म्हणतात. त्या बहिणींनी बांध घालण्यास हात दिला असे लोक सांगतात, आणि कोलू पाटील स्वतः कोलासूर देव होऊन तेथे बसला आहे. आम्ही या कथेकडे अंधश्रद्धा म्हणून पाहात नाही. ज्या माणसाने केलेल्या कामावर पिढ्यान्पिढ्यांचे धान पिकले, त्याचे नाव लोकांनी कमानीवर लिहिले नाही. त्याला देव केले. मात्र एक गोष्ट विसरू नये. माती एकट्या कोलूने वाहिली नाही. ज्यांनी टोपल्या डोक्यावर घेतल्या, त्यांची नावे कथेत नाहीत. कदाचित सात बहिणी म्हणजे त्याच असतील.

ही रीत मोडली केव्हा? मध्यप्रदेशच्या विधिमंडळाने १९५० साली मालगुजारी नष्ट करणारा कायदा केला. भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. १९५१ साली तो अंमलात आला आणि गावोगावचे तलाव सरकारजमा झाले. आज आपण ज्यांना 'मामा तलाव' म्हणतो ते हेच, माजी मालगुजारी तलाव. मालगुजारांचा जुलूम ज्यांनी भोगला त्यांना हा कायदा वरदान वाटला, आणि तो तसा होताही. पण पाळ तपासण्यास चालत जाणारा माणूस त्याबरोबर नाहीसा झाला. तलाव सर्वांचा झाला आणि राखण कोणाचीच उरली नाही. पूर्व विदर्भात असे तलाव हजारोंनी आहेत आणि त्यांपैकी किती गाळाने भरले, किती अतिक्रमणाने आक्रसले, हे आपण रस्त्याने जाता-येता पाहतो. मालकी सुटली ही चूक नव्हती. मालकीबरोबर राखणही सुटली, ही चूक झाली.

मालकी सोडून राखण न सोडणारा मनुष्य आमच्या या शहरात झाला काय? आमच्या मते झाला, आणि तो जमिनीचा व्यापारी नव्हता, विडीचा व्यापारी होता. मनोहरभाई पटेल यांचा जन्म १९०६ चा, गुजरातेतला. छोटाभाई जेठाभाई पटेल कंपनीच्या विडीच्या धंद्यात ते येथे वाढले आणि गोंदियाचेच झाले. विधानसभेतही ते होते. १९५८ साली त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली. त्याआधी येथील मुलाला पदवीपर्यंत शिकायचे तर नागपूर गाठावे लागे. म्हणजे ज्याच्या बापाजवळ पैसा तो जाई आणि बाकीचे मुनिमाच्या हाताखाली बसत. त्या संस्थेने गोंदियात महाविद्यालये उभी केली आणि खेड्यापाड्यांत हायस्कुले काढली. १९७० साली मनोहरभाई वारले.

त्यांच्या कामातल्या दोन गोष्टींकडे आम्ही लक्ष वेधतो. पहिली ही की, त्यांनी ते एका संस्थेच्या हवाली केले. गोंदियातील विज्ञान महाविद्यालय धोटे बंधूंच्या नावाचे आहे आणि दुसरे एक मोठे महाविद्यालय नटवरलाल माणिकलाल दलालांच्या नावाचे आहे. माणसाला स्वतःचाच मोठेपणा दाखवावयाचा असता तर भिंतींवर एकच नाव लागले असते. दुसरी गोष्ट ही की, संस्था काढून ते बाजूला झाले नाहीत. शेवटपर्यंत तिच्या मागे उभे राहिले. मालकी सोडली, राखण सोडली नाही.

त्यांची स्तुती करताना आम्ही तिला एक पुरवणी जोडतो, कारण पुरवणीवाचून ती खोटी होईल. विडीच्या धंद्यातला पैसा हा शेवटी विडी वळणाऱ्या हातांचा पैसा. सूप मांडीवर घेऊन दिवसभर पाने कापणाऱ्या आणि हजाराचा हिशेब पुरा करणाऱ्या बायांचे कष्ट या साऱ्या धंद्याच्या तळाशी आहेत. विडी व सिगार कामगारांसाठी संसदेला १९६६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनच त्या कष्टांची कल्पना येते. म्हणून महाविद्यालयाच्या पायरीवर पाय ठेवताना आम्ही मनोहरभाईंचे स्मरण करतो आणि त्या बायांचेही करतो. त्यांपैकी कित्येकींची नातवंडे त्याच पायऱ्या चढली आहेत. नगरऋण असे फिटते; पुरते नव्हे, पण फिटू लागते.

कोणी म्हणेल, हे दोघे बाहेरचे; आम्ही पिढीजात येथले. यावर आमचे म्हणणे असे की, गोंदिया हे बहुतेक बाहेरून आलेल्यांनीच वसविलेले शहर आहे. गोंड मूळचे. त्यांच्यामागून पोवार आले, कोहळी आले, छत्तीसगडी आले. व्यापाराच्या निमित्ताने गुजराती आणि मारवाडी आले. १९४७ नंतर सर्वस्व गमावून सिंधी बांधव आले. आपले गाव जन्माने मिळत नाही. ज्या गावी आपण काही ठेवून जातो, ते आपले गाव.

आता पुन्हा आपल्या विकासकाकडे येऊ. त्याच्याकडून आम्ही देवत्वाची अपेक्षा करीत नाही. धंदा करणाऱ्याने नफा मिळवावा; नफा न मिळविणारा बिल्डर आणि पाऊस न देणारा ढग सारखेच निरुपयोगी. (हशा.) आम्ही फक्त तीन गोष्टी मागतो.

पहिली, पाण्याची जागा पाण्याला ठेवावी. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार १९१४ साली हिंदुस्थानात आला आणि अनेक शहरांसाठी त्याने अहवाल लिहिले. डासांच्या भीतीने तळी बुजविण्याची तेव्हाच्या अधिकाऱ्यांना हौस होती. गेडिस त्यांना सांगे की, तळी बुजवू नका, साफ करा, त्यांत मासे सोडा. गेडिसचे म्हणणे आणि आमच्या म्हातारीचे म्हणणे एकच आहे. फक्त त्याने ते इंग्रजीत लिहिले, म्हणून अहवालात आले.

दुसरी, मोकळी जागा खरोखर मोकळी ठेवावी. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के जागा खेळण्या-फिरण्यासाठी सोडावी लागते. हा आजचा उत्सर्ग आहे. पण सरकारी शिक्क्यासाठी नकाशात हिरवा रंग भरणे आणि मुलांना मैदान देणे, यांत पाणी सोडणे आणि हात झटकणे याएवढे अंतर आहे. जेथे खडक तेथे, जेथे विजेची तार तेथे, जी विकणार नाही ती जागा, असे दहा टक्के सोडणाऱ्याने काही सोडले नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. विकल्यानंतरही त्याने थोडे थांबावे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ताबा दिल्यापासून ५ वर्षे बांधकामातील दोषांची जबाबदारी विकासकावर टाकली आहे. ही कायद्याने घातलेली किमान मर्यादा होय. कोलू पाटलाची पाळ सुमारे तीनशे वर्षे पाणी अडवून आहे. या दोन आकड्यांच्या मध्ये कोठेतरी विकासकाने आपली जागा निवडावी. शेवटच्या प्लॉटची रजिस्ट्री झाल्यावर जो पहिला पावसाळा येतो, त्यात छत्री घेऊन तो आपल्या ले-आउटच्या नालीपाशी उभा असतो काय? उभा असला, तर त्याचे गावावर प्रेम आहे. कमानीवरचे नाव मग लिहिले काय, न लिहिले काय.

आणि श्रोतेहो, आपण? बोडीत मुरुम पडत असता आम्ही गप्प राहिलो, हे आम्ही आपणांपुढे कबूल केले आहे. विकणारा विकून मोकळा झाला, आणि आम्ही घेऊन मोकळे झालो. प्लॉट घेताना आपण भाव विचारतो, रस्त्याची रुंदी विचारतो, कर्ज मिळेल का विचारतो. पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे विचारीत नाही. नकाशातल्या उद्यानात कधी जाऊन उभे राहात नाही. ते आपण विचारू लागलो, तर विकासकाला उत्तर तयार ठेवावे लागेल. गोंड राजाची सनद आता मिळणार नाही. पण ती अट घालण्याचे काम आता प्रजेचेच आहे, कारण आता प्रजाच राजा आहे.

'तळे राखील तो पाणी चाखील' ही म्हण आपण बहुधा हसून म्हणतो. ज्याच्या हाती सत्ता तो थोडे खाणारच, असा तिचा अर्थ घेतो. तो अर्थ आम्हांस नको. तिचा सरळ अर्थ घ्यावा. ज्याला पाणी चाखावयाचे आहे, त्याने तळे राखावे. उद्या सकाळी आपल्या ले-आउटचा नकाशा कपाटातून काढून, त्यातला हिरवा चौकोन जागेवर आहे की नाही एवढे आपल्यापैकी दहा जणांनी जरी पाहून घेतले, तरी हे व्याख्यान कारणी लागले असे आम्ही समजू.